‘येते परत’ म्हणालात, तर या: वॉर्डात नव्यानं आलेल्या सिस्टर आणि इंटर्नसाठी

पहिल्या नाइट ड्युटीला मला फिमेल मेडिकल वॉर्ड मिळाला होता. चौदा नंबरच्या बाईंनी तांब्याकडे बोट दाखवलं. “येते हं परत,” म्हणून मी कॅज्युअल्टीतून वर आलेल्या पेशंटकडे धावले, ती थेट पहाटे उगवले. पाणी तोवर शेजारच्या पेशंटच्या सुनेनं दिलं होतं. बाई रागावल्या नाहीत. “तुमच्यामागं कामं असतात,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही. चौथ्या दिवशी चादर बदलताना त्यांच्या माकडहाडावर लालभडक चट्टा दिसला, पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. दोन दिवसांपासून तिथं आग होत होती. “सांगणार होते,” त्या म्हणाल्या, “पण म्हटलं, कशाला उगाच.”

पेशंटचं मागणं बंद झालं की सांगणंही बंद होतं, हे मी त्या चट्ट्याकडून शिकले. नर्सिंगच्या शपथविधीच्या दिवशी हातात दिवा धरून आपण सेवाभाव, करुणा हे शब्द म्हणतो आणि दिवे विझले की ते शब्द त्याच हॉलमध्ये राहतात. वॉर्डात त्यांचा अर्थ फार साधा आहे: हा माणूस तुमच्याशी बोलतोय का? बोलत नसेल, तर त्याची छातीतली कळ, उशीखाली लपवलेली गोळी, ओलं झालेलं ड्रेसिंग, सगळं तुम्हाला उशिरा कळणार.

पुढची कृती एका शिफ्टच्या क्रमानं लिहिली आहे. चाळीस खाटांवर साठ पेशंट असायचे त्या वॉर्डात मी ती शिकले, त्यामुळे ‘वेळ कुठाय?’ हा प्रश्न मला नवीन नाही. जिथं खरोखर जास्त वेळ लागतो तिथं तसं सांगेन.

खाटेजवळ जाण्याआधी

केस पेपरवरचं नाव वाचा आणि नावानंच हाक मारा. राउंडला ‘चौदा नंबर’, ‘ती डायबेटिक’, ‘कालची पॉयझनिंग’ असं आपण आपसात बोलतो, पण पेशंट झोपलेला दिसला तरी त्याचे कान जागे असतात. शेवटच्या शब्दाबद्दल तर विशेष सांभाळा. औषध पिऊन आलेल्या मुलीला साऱ्या वॉर्डानं ‘पॉयझनिंग’ म्हणून ओळखावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

नात्यानं हाक मारायची आपल्याकडे पद्धत आहे, चांगली आहे, पण सरसकट नको. पंचावन्न वर्षांच्या बाईला ‘आजी’ म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. ‘मावशी’ आपण वॉर्डातल्या आयाबाईंनाही म्हणतो, म्हणून काही बायकांना ते खटकतं. निवृत्त शिक्षकाला ‘बाबा’ऐवजी ‘सर’ किंवा ‘गुरुजी’ म्हणून बघा, माणूस उशीवर जरा वर सरकतो. कळत नसेल तर सरळ विचारा: “घरी तुम्हाला काय म्हणतात?” आणि वय कितीही कमी असो, मोठ्या माणसाला अरे-तुरे नको. ऊसतोड मजुराला ‘अरे’ आणि त्याच्या शेजारच्या तलाठ्याला ‘अहो’, हे सगळा वॉर्ड ऐकत असतो.

पहिलं मिनिट

स्वतःचं नाव सांगा. हसू नका, बहुतेक जण सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या एक डॉक्टर होत्या, वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ. ऐन तिशीच्या आसपास त्यांना कॅन्सर झाला. २०१३ साली स्वतः रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला तपासणारे, सुया टोचणारे कितीतरी लोक आपण कोण ते सांगतच नाहीत. त्यावरून त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली. २०१६ साली त्या गेल्या. ते वाक्य तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यांवर आलं.

आपलं वाक्य असं असू द्या: “नमस्कार काका, मी सिस्टर अमुक. रात्री आठपर्यंत मी आहे. काही लागलं तर मला हाक मारा.” यात तीन गोष्टी आल्या: कोण, कधीपर्यंत, कशासाठी. तोंडावर मास्क असेल तर हे आणखी गरजेचं, कारण पेशंटला फक्त डोळे दिसतात आणि सगळे डोळे सारखेच वाटतात.

मग बसा. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटवर एक छोटा अभ्यास झाला, तो २०१२ साली छापून आला. एकच सर्जन काही पेशंटशी उभा राहून बोलला, काहींशी बसून. उभा होता तेव्हा सरासरी १ मिनिट २८ सेकंद गेले, बसला तेव्हा १ मिनिट ४ सेकंद. म्हणजे बसून कमीच वेळ दिला. पण पेशंटना विचारलं, तेव्हा उभ्या डॉक्टरनं पावणेचार मिनिटं दिली असं त्यांना वाटलं आणि बसलेल्यानं सव्वापाच. माझ्याकडे वेळ नाही, असं म्हणणाऱ्या इंटर्नला मी हेच आकडे सांगत असे. स्टूल नसेल, आणि सरकारी वॉर्डात ते बहुधा नसतंच, तर खाटेच्या कडेला गुडघ्यावर वाका. पेशंटच्या गादीवर मात्र बसू नका. एक तर संसर्गाचा प्रश्न, दुसरं म्हणजे टाके असलेल्या माणसाला गादी दबली की कळ जाते.

ऐकणं

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

पेशंटनं बोलायला सुरुवात केली की आपण मध्ये तोंड घालतो. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं गेलं, तेव्हा सरासरी १८व्या सेकंदाला डॉक्टरनं पेशंटला तोडलेलं आढळलं. म्हणून ही सवय लावून घ्या: “काय होतंय?” विचारल्यावर मनातल्या मनात साठपर्यंत मोजायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बहुतेकांचं त्याच्या आत सांगून होतं. जे लांबतात ते गावाकडून, लग्नाकडून, बैलाकडून फिरून येतात, पण येताना खरी गोष्ट घेऊन येतात.

आता शब्द. मराठी माणूस ‘पेन’ सांगत नाही आणि नुसतं ‘दुखतंय’सुद्धा क्वचित सांगतो. ठणका म्हणजे पू धरलेल्या जागेसारखं, दाढेसारखं. कळ लाटेसारखी येते आणि जाते. चमक हालचालीला निघते. आग, भगभग, चुरचुर हे जळण्याचे प्रकार. मुरडा संडासच्या भावनेसोबत. रग एकाच कुशीवर पडून राहिल्यावर लागते, आणि ‘रग लागलीय’ म्हणणारा पेशंट कूस बदलायला सांगत असतो, गोळी मागत नसतो. अंगात कणकण आहे म्हणाला तर थर्मामीटर लावा, नुसतं डोक्याला हात लावून पुढं जाऊ नका. हे शब्द केस पेपरवर जसेच्या तसे लिहा. शून्य ते दहा आकड्यांत वेदना मोजायची पट्टी चांगली आहे, पण खेड्यातल्या आजी आकडा सांगताना तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगतात. त्यांना विचारा: “रुपयातले किती आणे दुखतंय?” सोळा आण्यांचा हिशोब त्यांच्या पिढीला चांगला येतो.

काही शब्द फसवतात. ‘जीव घाबरा होतो’ यात धडधड असेल, धाप असेल, साखर उतरलेली असेल, नुसती काळजी असेल किंवा हार्ट अटॅकही असेल. ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं ते पडद्याआड, नवऱ्यासमोर नाही. ‘बाहेरची झाले’ म्हणजे पाळी, पण ‘बाहेरचं झालंय’ म्हणजे भूतबाधा. एका इंटर्ननं या दोन्हींची गल्लत करून भली मोठी हिस्टरी लिहिली होती. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली आणि मग सरांनी त्यालाच उभं करून पुढच्या बॅचला हे शब्द शिकवायला लावले.

देवऋषाकडे जाऊन आलेल्या पेशंटला खडसावू नका. खडसावलंत की पुढच्या वेळी तो अंगारा सांगेल, पण सोबत घेतलेला काढा सांगणार नाही, आणि तुम्हाला काढाच कळायला हवा असतो.

शेवटी एक प्रश्न, रोज, प्रत्येकाला: “आज सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?” उत्तर आजाराचं असेलच असं नाही. गाभण म्हैस, मुलीचा दहावीचा पेपर, सावकार, कामावरचा खाडा. पैशाची काळजी निघाली तर ‘बघू’ म्हणून सोडू नका, मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचा, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, जो मदतनीस रुग्णालयात असतो, त्या आरोग्यमित्राशी त्याच दिवशी गाठ घालून द्या. आरोग्यमित्र कुठल्या खिडकीवर बसतो आणि रेशनकार्ड, आधार कोण आणणार, हे नावानिशी ठरवा. बिलाच्या धसक्यानं रात्रीतून वॉर्ड सोडून जाणारे पेशंट मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताला सलाइनची सुई तशीच होती.

हात लावण्याआधी

नियम एकच: आधी शब्द, मग हात. “आता दंडाला पट्टा आवळते, थोडं घट्ट वाटेल.” बेशुद्ध पेशंटलासुद्धा हे सांगायचं. आयसीयूतून बरे होऊन आलेले कितीतरी जण तिथं ऐकलेलं बोलणं सांगतात.

‘घाबरू नका’ हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करावं असं मला वाटतं. त्यानं कोणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. त्याऐवजी काय होणार ते सांगा: किती वेळ, कुठं दुखेल, कधी थांबेल, थांबवायचं असेल तर काय करायचं (“हात वर करा, मी थांबते”). मुलांना ‘दुखणार नाही’ सांगणं तर उघड फसवणूक. “टोचेल. मोठ्यानं पाच म्हणेपर्यंत राहील. चल, मोज,” म्हटलं की मूल रडतं, पण दुसऱ्या दिवशी तुम्हाला बघून रडत नाही.

पडदा ओढायला तीन सेकंद लागतात. बेडपॅन, कॅथेटर, ड्रेसिंग, एनिमा, प्रत्येक वेळी ओढा. नसेल तर मावशींना चादर धरून उभं करा. लागेल तेवढाच भाग उघडा, झाल्याबरोबर झाका. बाईला पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी बाई हजर असणं हा तिचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. तिनं मागायची वाट बघू नका.

ऑपरेशनला नेताना मंगळसूत्र काढायची वेळ येते. ‘चला, दागिने काढा’ असं फर्मान सुटतं आणि बाईचे डोळे भरतात, कारण तिच्या मनात त्याचा एकच अर्थ असतो. असं करा. कारण सांगा: रक्त थांबवायला आत विजेवर चालणारं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर तिथं भाजू शकतं. तिला स्वतःच्या हातानं काढू द्या. तिच्या हातातून सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातात जाऊ द्या, तुमच्या खिशात नको. कोणी दोऱ्यात हळकुंड ओवून बांधायचं म्हटलं, तर थिएटरच्या सिस्टरला विचारून, मानेपासून दूर, मनगटावर चालत असेल तर बांधू द्या. सगळं मिळून दोन मिनिटं. ही दोन मिनिटं जास्तीची लागतात, हे मान्य.

वाईट बातमी

हे काम डॉक्टरांचं, पण बातमी सांगून डॉक्टर गेले की पेशंटजवळ सिस्टर उरते. म्हणून दोघांनी मिळून करा. २००० सालापासून यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत जगभर शिकवली जाते. आपल्या वॉर्डापुरती ती मी अशी सांगते.

जागा बघा. कॉरिडॉर नको, ड्युटी रूम चालेल. फोन बंद करा, बसा. मग विचारा: “तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?” उत्तरावरून कळतं की माणूस कुठं उभा आहे. मग: “रिपोर्टबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की घरच्या कोणाशी बोलू?” त्याला हवं असेल तर एक इशारा द्या, “रिपोर्ट मनासारखा आलेला नाही,” आणि क्षणभर थांबून शब्द स्पष्ट उच्चारा. ‘गाठ’, ‘तसलं काहीतरी’ म्हणत राहिलात तर तो घरी जाऊन गाठीला लेप लावेल. कॅन्सर असेल तर कॅन्सर म्हणा, एकदाच. आणि गप्प बसा. ही शांतता फार जड जाते, म्हणून नवे डॉक्टर लगेच केमोची सायकल समजावू लागतात. त्यातलं काहीही पेशंटच्या कानात शिरत नाही. त्याला रडू दे, घरच्यांकडे बघू दे, खिडकीबाहेर बघू दे. पाण्याचा पेला पुढं करा. नंतर शेवटची पायरी: पुढं काय, उद्या काय, कोणाला भेटायचं. हे कागदावर मराठीत लिहून द्या.

आपल्याकडची अडचण मात्र कुठल्याही सहा पायऱ्यांत बसत नाही. मुलगा बाहेर गाठतो आणि हात जोडतो: “बाबांना काही सांगू नका.” वाद घालू नका. विचारा: “सांगितलं तर काय होईल असं वाटतं?” त्याचं ऐकून घ्या, कारण तो प्रेमानंच बोलतोय. मग आपली बाजू मांडा: “मी होऊन काही लादणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर खोटं बोलणार नाही.” बहुतेक मुलगे यावर गप्प होतात. बाबांना तर बहुतेक वेळा कधीच कळलेलं असतं. ते मुलाला त्रास नको म्हणून गप्प असतात, मुलगा बाबांना त्रास नको म्हणून, आणि दोघं एकमेकांशी क्रिकेटवर बोलत राहतात. त्यांना एका खोलीत बसवून देणं, एवढंच तुमचं काम.

नातेवाईक

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या आदिवासींनाच विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोकांनी सांगितलं, तिथं सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आमच्याकडे मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात. शिवाय आमच्या माणसांना सोबत राहू देत नाहीत. मग ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना गोंड गावासारखा झोपड्यांचा बांधला, पेशंटसोबत घरचे राहतील असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. आपण इमारत बदलू शकत नाही. नातेवाइकांना अडगळ समजणं बंद करू शकतो. कूस दर दोन तासांनी बदलणं, ओल्या कापसानं तोंड पुसणं, नळीतून भरवणं, हे त्यांना एकदा हाताला धरून शिकवा. घरी तेच करणार आहेत.

आयसीयूच्या दारात भांडणं होतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा आहे, तो हवाच. पण मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांआधी चार-पाच तास कोणीही बाहेर येऊन काही सांगितलेलं नव्हतं. वेळ ठरवा: सकाळी अकरा, संध्याकाळी सहा. नवीन काही नसलं तरी त्या वेळेला दारात या आणि ‘नवीन काही नाही’ हे सांगा. घरच्यांपैकी एकच माणूस ठरवून घ्या, बाकीच्यांना त्यानं सांगावं. व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटसाठी पुठ्ठ्यावर पाच चित्रं काढून ठेवा: पाणी, दुखणं, कूस, लघवी, घरचे. तो बोट ठेवेल.

शेवटचे दिवस

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. त्यांचं म्हणणं असं, की वेदना शरीरात, मनात, घरात आणि श्रद्धेत अशी चारही ठिकाणी एकदम असते. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं. मॉर्फिन देऊनही संध्याकाळी सातलाच ज्याचं दुखणं वाढतं, त्याच्याकडे सातला कोण येत असे आणि आता येत नाही, हे विचारून बघा.

घरचे तुळशीपत्र, गंगाजल आणतात. पेशंट नीट गिळू शकत नसेल तर घोट नको, ठसका लागून जीव गुदमरेल. कापूस भिजवून ओठ ओले करू द्या. दोघांचंही भागतं. आणि माणूस गेला की त्या मिनिटापासून ‘बॉडी’ हा शब्द नातेवाइकांसमोर काढू नका. “काकांना खाली न्यायचंय” म्हणा. नळ्या काढताना, डोळे मिटताना नावानं सांगून काढा. कोणी ऐकत नाही असं वाटलं तरी दारात त्यांची लेक उभी असते. पोस्टमॉर्टेम लागणार असेल तर का आणि किती वेळ, हे आधीच सांगा. चितेसाठी जमलेली माणसं गावात ताटकळत असतात.

तुमचं स्वतःचं

पेशंट गेल्यावर दहा मिनिटं कोणाबरोबर तरी चहा प्या. एकट्यानं नको. काही दिवस काहीच वाटेनासं होतं, त्याची लाज बाळगू नका, पण सीनियरला सांगा. आणि जे करू शकणार नाही ते पेशंटला कबूल करू नका. “आत्ता जमणार नाही, अर्ध्या तासानं येते किंवा मावशींना पाठवते,” हे ‘येते हं’पेक्षा कितीतरी बरं. हातावर पेननं खाटेचा नंबर लिहून ठेवा. माझ्या तळव्यावर निवृत्त होईपर्यंत आकडे असायचे.

हँडओव्हर

शिफ्ट बदलताना आपण बीपी, इनटेक-आउटपुट, पुढचा डोस सांगतो. प्रत्येक पेशंटमागे आणखी एक ओळ वाढवा, औषधाची नसलेली. रजिस्टरच्या समासात मावते. आमच्या वॉर्डाच्या रजिस्टरात अशा ओळी असत:

‘बेड ३. मुलगा दुबईला, रात्री साडेदहाला फोन येतो. तेव्हा उठवावे.’

‘बेड ९. डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडून बोलणे.’

‘बेड १४. तांब्या उजव्या हाताशी ठेवणे. मागत नाहीत, विचारणे.’